एकाच वास्तूला चारदा जा

संपादक महोदय,

सुट्ट्या लागल्या की ‘यंदा आपलंच शहर पर्यटक होऊन पाहू’ असं ठरवून अनेक कुटुंबं बाहेर पडतात. हे फार चांगलं आहे. मात्र पद्धत परगावच्या पाहुण्याची उचलली जाते: दिवसभरात दहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं, दाराशी फोटो आणि पुढे. पाहुण्याचा नाइलाज असतो, त्याला संध्याकाळची गाडी गाठायची असते. शहरात राहणाऱ्याने ती घाई का करावी? त्याला परत येता येतं, आणि जुनी वास्तू कळायला नेमकं तेच लागतं. म्हणून शहरातल्या जुन्या वास्तू लोकांना हिंडून दाखवणाऱ्या आम्हा मंडळींचं आग्रहाचं सांगणं आहे की एकच वास्तू निवडा आणि तिच्याकडे चारदा जा. सकाळच्या उन्हात, मावळतीला, भर पावसात आणि एकदा जुना नकाशा हातात घेऊन.

सकाळी म्हणजे सूर्य उगवल्यानंतरच्या तासा-दीड तासात. तेव्हा ऊन पूर्वेच्या भिंतीवर तिरपं पडतं आणि दगडावरचा टाकीचा प्रत्येक घाव स्वतःची सावली टाकतो. पाथरवटाने कुठला चिरा मन लावून घडवला आणि कुठे नुसताच ओबडधोबड बसवला, हे त्या वेळी न सांगता कळतं. दुपारी छज्जांच्या गडद सावलीत सगळं कोरीवकाम बुडून जातं. पश्चिमेच्या भिंतीसाठी म्हणूनच मावळतीची फेरी.

झिजलेला शिलालेख वाचायचा तर विजेरी लागते. ती समोरून मारली की अक्षरं नाहीशी होतात, कारण सावलीच पडत नाही. फ्लॅश मारून काढलेले शिलालेखांचे फोटो सपाट येतात ते यामुळेच. विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून धरा, प्रकाश दगडावरून सरपटत गेला पाहिजे. आधी डावीकडून, मग उजवीकडून, वरून आणि खालून, असे चार फोटो घ्या. अक्षराची उभी रेघ बाजूच्या प्रकाशात उठते, आडवी वरच्या किंवा खालच्या. विजेरी एकाने धरावी, फोटो दुसऱ्याने काढावा. शेजारी पट्टी ठेवली तर अक्षराची उंचीही नोंदली जाते. पीठ, खडू, तेल, रंग यांतलं काहीही अक्षरांत भरू नका. अक्षर क्षणभर उठून दिसतं खरं, पण भरलेलं सगळं दगडाच्या छिद्रांत बसतं आणि पुढे ते घासून काढताना अक्षराची कडच जाते.

आत शिरण्याआधी बाहेरून एक पूर्ण फेरी मारा. फोन खिशातच राहू द्या, निदान पहिली दहा मिनिटं. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयात केलेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. फोटो काढलेल्या वस्तू लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. वस्तूच्या एखाद्या भागावर झूम केलं तेव्हा मात्र हा तोटा दिसला नाही. तेव्हा फोटो काढायचाच तर अख्ख्या इमारतीऐवजी एखाद्या कोपऱ्याचा काढा.

या फेरीत भिंत वाचायची. दगडांचे सांधे एकाआड एक असतात. एखाद्या ठिकाणी खालपासून वरपर्यंत सरळ उभा सांधा दिसला, तर तिथे जुनं बांधकाम संपून नवं जोडलेलं असण्याची दाट शक्यता. ठरावीक उंचीवर ओळीने चौकोनी भोकं दिसतात, त्यांना लोक जंग्या, म्हणजे बंदूक रोखायची भोकं, म्हणतात. पुष्कळदा ती परांचीची लाकडं रोवण्यासाठी ठेवलेली असतात, आणि दोन ओळींतलं अंतर म्हणजे गवंड्यांनी एका टप्प्यात किती बांधलं त्याचं माप. बुजवलेली कमान, कमी उंचीचं दार, वेगळ्या रंगाचा चुना हे सगळं वहीत टिपा. उंची हवी असेल तर एका थराची जाडी मोजा आणि थर मोजा: ३० सेंटीमीटरचे ४० थर म्हणजे १२ मीटर. थर वर जाताना बारीक होत असतील तर दोन-तीन ठिकाणची सरासरी घ्या. छताजवळचं काम पाहायला ८ पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण पुरते. त्याहून मोठी घेतली तर हातात चित्र थरथरतं.

सगळ्यांत जास्त शिकवते ती पावसातली फेरी, आणि तीच कोणी करत नाही. छत्री घ्या, पायांत घसरणार नाही असं काहीतरी घाला आणि पाणी कुठून कुठे जातं एवढंच पाहा. दगडी पन्हळीतून पडणारी धार भिंतीपासून दूर पडते का? छज्जाच्या खालच्या बाजूला, कडेपासून चार बोटं आत, एक बारीक खाच कोरलेली असते. एरवी तिच्याकडे लक्षही जात नाही. पावसात तिचं काम दिसतं: दगडाच्या खालून भिंतीकडे सरकणारं पाणी खाचेपाशी अडतं, थेंब धरतं आणि सुटतं. बांधणाऱ्याने किती बारीक विचार केला होता, हे त्या थेंबाकडे पाहत दोन मिनिटं उभं राहिलं की कळतं. हीच खाच रंगकामात लांबी (पुट्टी) भरून बुजवली की भिंतीवर काळे ओघळ उतरतात.

मग जोत्याकडे पाहा. रस्त्याचं डांबरीकरण दरवेळी जुना थर न खरवडता केलं की रस्ता चढत जातो, जोत्याच्या पायऱ्या गाडल्या जातात आणि बाहेर जाणारं पाणी आत येऊ लागतं. दाराच्या तीन पायऱ्यांपैकी एकच उरलेली दिसली तर समजा, ही वास्तू खचलेली नाही, शहर तिच्याभोवती वर आलं आहे.

पाऊस उघडल्यानंतर आठवड्याभराने पुन्हा जा. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत ओलीचा पट्टा आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरा लोणा दिसेल. जमिनीतलं पाणी क्षार घेऊन वर चढतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. दगडांच्या दरजा चुन्याच्या असतील तर ओल दरजांतून बाहेर पडते आणि झिजायचं ते चुना झिजतो, जो पुन्हा भरता येतो. दरजा सिमेंटने भरल्या की ओल कोंडते, दगडातून वाट काढते आणि दगडाच्या कडा पापुद्र्यांनी सुटू लागतात. सिमेंटची रेघ शाबूत आणि भोवतीचा दगड खोल गेलेला, असं दृश्य दिसलं तर त्याचा फोटो तारखेसह ठेवा. दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच महिन्यात तसाच फोटो घ्या आणि वास्तू ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना लेखी कळवा. पाच वर्षांचे पाच फोटो समोर ठेवले की ‘आधीपासूनच असं आहे’ हे उत्तर टिकत नाही. परगावचा कितीही अभ्यासू पाहुणा हे करू शकणार नाही.

नकाशाची फेरी निवांत दिवशी करावी. गल्लीचं नाव वेशीचं आणि वेस केव्हाच पाडलेली, असं जुन्या शहरांत जागोजागी असतं. जुना नकाशा आजच्या नकाशावर ठेवला की विनाकारण वळणारा रस्ता बहुधा तटाच्या किंवा ओढ्याच्या कडेने गेलेला निघतो. जुना फोटो कुठे उभं राहून काढला ती जागा शोधताना मोठी चूक होते ती चौकट जुळवण्याची. फोनचं भिंग रुंद पाहतं, त्यामुळे माणूस नकळत पुढे सरकतो आणि सगळं बिघडतं. जवळचा एक कोपरा लांबच्या कशाच्या तरी बरोबर कडेला येतो का, ते पाहा. अशा दोन जोड्या जुळल्या की जागा सापडली, चौकट नंतर कापता येते. आणि थेट पलीकडच्या किल्ल्यापर्यंत जाणारं भुयार कोणी दाखवलं, तर आधी त्याचा उतार पाहा. पुष्कळ भुयारं पाण्याचे नळ किंवा मोऱ्या निघतात. त्यात हिरमुसण्यासारखं काही नाही, शहराला पाणी पाजणं हे पळवाटेपेक्षा मोठं काम होतं.

थोडं व्यवस्थेचं. एका फेरीत एक-दीड किलोमीटर आणि दोन तास पुरे. बारा-पंधरांहून जास्त माणसं नकोत, कारण अरुंद गल्लीत मागच्यांना ऐकू येत नाही आणि रहिवाशांची वाट अडते. साप्ताहिक सुट्टीचा वार आधी विचारा. तिकीट खिडकी वास्तू बंद होण्याच्या आधीच बंद होते, हेही लक्षात असू द्या. मनोऱ्याच्या गोल जिन्यात पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या असतात. अपघात चढताना कमी, उतरताना जास्त होतात. पाय पायरीच्या रुंद बाजूला ठेवा, एक हात मोकळा ठेवा, आणि वरून कोणी येत असेल तर खालीच थांबा.

बंद दारांविषयीही लिहायला हवं. अनेक जुन्या वास्तूंचे वरचे मजले, गच्च्या, घड्याळांच्या खोल्या त्याच शहरातल्या लोकांनी कधी पाहिलेल्या नसतात. फ्रान्समध्ये १९८४ पासून वर्षातून एकदा अशी दारं उघडली जाऊ लागली, १९९१ मध्ये युरोप परिषदेने ती प्रथा अनेक देशांत नेली, लंडनमध्ये १९९२ पासून दरवर्षी असा उपक्रम होतो. टोरांटोत २००७ साली, शहरांविषयी लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांच्या स्मरणार्थ रहिवाशांनीच शेजाऱ्यांना आपला भाग फिरवून दाखवण्याच्या विनामूल्य फेऱ्या सुरू झाल्या. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन आपल्याकडे पाळला जातो, पण भाषणांत दिवस संपतो. त्या दिवशी एक जिना, एक गच्ची, एक घड्याळाची खोली उघडावी. वीस-वीसच्या गटांनी सोडावं, नाव आधी नोंदवून घ्यावं, जिन्याच्या खाली आणि वर एकेक माणूस उभा करावा.

आपल्या दैनिकाला एक विनंती. शनिवारच्या अंकात चार ओळींची एक चौकट द्यावी: या आठवड्यात कुठली वास्तू किती वाजता उघडी आहे, कुठला भाग दुरुस्तीसाठी बंद आहे, तिकीट खिडकी कधी मिटते आणि कुठल्या भिंतीवर ऊन केव्हा येतं.

आपले,
जुन्या वास्तूंच्या फेऱ्या घडवणारे काही वाचक