नील बेटाच्या वाटेवर शिदोरी देणाऱ्या मावशींना

ती. मावशींना,
सा. न.

हे पत्र तुमची लेक तुम्हाला वाचून दाखवेल. तुमचं नाव लिहिलेलं नाही, कारण "माझं नाव कुठे घालू नको गो बाय" असं तुम्ही बंदरावर उतरताना बजावलं होतं. तरीही पत्र उघड लिहितेय. अंदमानला एकटीने जायचं म्हणणाऱ्या मुली हल्ली मला काय काय विचारतात, आणि मी त्यांना जे सांगते त्यातलं बहुतेक सगळं तुमचं असतं. ते तुमच्या पदरात जाहीरपणे घालायला हवं.

चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला विमान दोन-सव्वादोन तासांत जातं, जहाजाला अडीच-तीन दिवस लागतात. मध्ये सुमारे १२०० किलोमीटर नुसतं पाणी. मला ते अंतर अंगावर घ्यायचं होतं म्हणून मी जहाजाचं तिकीट काढलं. बंक हॉलमध्ये एकावर एक लोखंडी खाटा, सामानाच्या गोण्या, रडणारी पोरं, तमिळ-तेलुगू-बंगाली बोलणारी कुटुंबं. किनारा मागे पडून फोनची रेंज जायच्या आत मी आईशी बोलून घेत होते. "हो गं, एकटीच आहे, पण इथे पुष्कळ बायका आहेत." ते ऐकून समोरच्या खाटेवरून तुम्ही मराठीत विचारलंत, "नाशिकची का?"

त्याआधी ज्याला ज्याला बेत सांगितला त्याचा पहिला प्रश्न एकच होता, "एकटीच?" नातेवाईकांनी विचारलं, ऑफिसात विचारलं, चेन्नईच्या टॅक्सीवाल्यानेही विचारलं. प्रत्येकाला उत्तर देता देता मी निघण्याआधीच दमले होते. तुम्ही पाठीवरच्या सॅककडे एकदा पाहिलंत आणि म्हणालात, "परतीचं तिकीट कधीचं? नि त्याच्या आदल्या रात्री कुठे असशील?"

मावशी, या दोन प्रश्नांची किंमत तुम्हाला कशी सांगू? मी जाणार हे तुम्ही गृहीत धरलंत. मग राहिला प्रश्न फक्त नीट जाण्याचा, आणि त्यात तुम्ही हात राखून काही ठेवलं नाहीत.

विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरमध्येच असायचं, हा तुमचा पहिला नियम. समुद्र खवळला की खाजगी बोटी रद्द होतात, कधी कधी सरकारीही, आणि हॅवलॉक किंवा नीलवर अडकलेल्या माणसाला दुसरी वाट नसते. (कागदोपत्री आता हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम झालंय. पण तुम्ही जुनीच नावं घेत होतात, म्हणून मीही तीच लिहितेय.) माझ्या वेळापत्रकात तुम्ही पेन्सिलीने एक मोकळा दिवस घातलात. नकाशावर बेटं जवळजवळ दिसतात, पण तिथे दिवस ठरवतो तो समुद्र, हे मला त्या पेन्सिलीच्या रेघेने पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या संध्याकाळी डेकवर तुम्ही मला भरती-ओहोटी शिकवलीत, ते मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही वेंगुर्ल्याच्या. तिथला हिशेब तुमच्या तोंडावर होता: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही तिथी मांडल्यात आणि मला एकेक सोडवायला लावलीत. मग म्हणालात, "हे कोकणातलं. पोर्ट ब्लेअरचं पाणी या हिशेबाने चालत नाही, तिथला तक्ता बघायचा. पण वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, ती दोन्हीकडे." लग्न होऊन अंदमानात आल्यावर सुरुवातीला हा फरक लक्षात यायला तुम्हाला स्वतःला किती दिवस लागले, तेही सांगितलंत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती-ओहोटी. मी नीलला पोचेन तेव्हा पौर्णिमा जवळ असेल, म्हणजे पाणी खूप लांब आत जाईल आणि तेवढंच परत येईल, हे तुम्ही बोटांवर मोजून काढलंत. "लक्ष्मणपूरला खडकातला पूल बघायला जाशील, तर पाणी उतरत असताना जा. पाणी वळलं की तूही वळ. फोटो राहिला तर राहू दे."

बाकीचं तुम्ही भराभर सांगितलंत आणि मी भराभर लिहून घेतलं. जानेवारीत तिकडे सव्वापाचच्या सुमारास सूर्य बुडतो, त्यामुळे नाशिकच्या सवयीने संध्याकाळ मोजायची नाही. स्कूटर घेतली तर उजेडात परत यायचं. किनाऱ्यावर मगरीचा फलक असेल तर पाण्यात पायही घालायचा नाही, फलक नसेल तरी तिथल्या माणसाला विचारायचं. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवायचे. शंख, प्रवाळ उचलायचं नाही, मेलेलं दिसलं तरी. वाळूतल्या बारीक माश्या चावल्या तर खाजवायचं नाही, आधीच खोबरेल लावून बसायचं. बाराटांगच्या रस्त्याला गेलीस तर जारवा आदिवासींच्या जंगलातून गाड्यांचा ताफा जातो, तिथे कॅमेरा बॅगेतच ठेवायचा. हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. "ती माणसं आहेत, बघायची वस्तू नाहीत," म्हणालात, आणि बराच वेळ दुसरं काही बोलला नाहीत.

सेल्युलर जेलबद्दलही तुमचं एक सांगणं होतं. मराठी मंडळी येतात, सावरकरांच्या कोठडीपाशी हात जोडतात आणि बस पकडतात. तुम्ही म्हणालात, कोठडी बघच, १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं त्या माणसाने तिथे काढली. पण मधल्या मनोऱ्यात संगमरवरावर कोरलेली नावंही वाच, घाई करू नको. मी वाचली. बंगालची नावं संपता संपत नाहीत, मग पंजाबची. बाबाराव सावरकरही त्याच तुरुंगात होते, हे शाळेत शिकूनही मला तिथे उभं राहिल्यावरच जाणवलं. सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. दुपार तिथेच गेली, आणि त्या दिवशी दुसरं काही बघावंसं वाटलं नाही.

पण ज्यासाठी हे पत्र आहे ते अजून लिहिलंच नाही.

जहाज हॅडोच्या धक्क्याला लागत होतं. रेंज आली आणि पहिला फोन आईचा. ती रडायच्या बेतात होती. मी नेहमीचं "काळजी करू नको" म्हणायला लागले, तर तुम्ही हात पुढे केलात आणि फोन घेतलात. "मी वेंगुर्ल्याची, इथेच राहते," एवढीच ओळख दिलीत. मग म्हणालात, "लिहून घ्या." आणि सांगत गेलात. कुठल्या दिवशी फिनिक्स बे जेटीवरून मी सरकारी बोटीने नीलला निघणार, बोटीला दोनेक तास लागतात, तिथे कोणाच्या घरी उतरणार, त्यांचा नंबर काय. नीलला नेटवर्क येतं-जातं, तेव्हा रात्री फोन नाही आला तर काही झालं असं समजायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाही आला तर या नंबरवर करायचा, नि तोही नाही लागला तर मला. मग तुमचा नंबर. पलीकडून आईने एकेक आकडा परत म्हणून खात्री करून घेतली. तिचा आवाज स्थिर होत गेला तो मी तुमच्या शेजारी उभी राहून ऐकला.

आईला आजवर सगळ्यांनी धीर दिला होता. माहिती कोणी दिली नव्हती. ती घाबरते म्हणून तिच्यापासून लपवायचं, आणि लपवलं म्हणून ती आणखी घाबरायची, असं आमच्या घरात वर्षानुवर्षं चाललं होतं. तुम्ही तिला माझ्या प्रवासात कामाला लावलंत. आता मी कुठेही निघाले की ती वही घेऊन बसते: गाडीचा नंबर, उतरायची जागा, दुसरा नंबर. आणि मग खरोखरच झोपते.

ज्या बंगाली कुटुंबाकडे तुम्ही मला पाठवलंत त्यांना तुमचा निरोप आधीच पोचला होता. आजोबा लहानपणी पूर्व बंगालातून निर्वासित म्हणून आले, सरकारने दिलेल्या जमिनीत त्यांनी भाजी पिकवली, आणि आजही पोर्ट ब्लेअरच्या बाजारात नीलची भाजी जाते, हे त्यांनी मला वांग्याच्या वाफ्यात उभं राहून अभिमानाने सांगितलं. ओहोटीची वेळ त्यांनी सांगितली आणि मी माझ्या वहीशी ताडून पाहिली. पुलाखाली गेले तेव्हा पाणी अजून उतरत होतं. खडकातल्या डबक्यांत निळे मासे अडकलेले, एक समुद्रकाकडी अगदी पायाशी. जुने लोक त्या पुलाला हावडा ब्रिज म्हणतात, ते ऐकून मला फार बरं वाटलं. पाणी वळल्याचं मला तिथल्या गाइडच्या आधी कळलं, मावशी. मी त्याला म्हटलं, चला.

तुमचे आभार कसे मानावेत हे मला नीटसं जमत नाहीये. एवढं नक्की की त्या तीन दिवसांत तुम्ही मला जेवढं मोठं मानलंत, तेवढं त्याआधी कोणी मानलं नव्हतं.

माझी मैत्रीण पुढच्या महिन्यात तिकडे येतेय, तीही एकटीच. तिकडे चांगली आमसुलं आणि कुळथाचं पीठ मिळत नाही म्हणाला होतात, ते तिच्याबरोबर पाठवतेय. पीठ आईने घरी भाजून दळून आणलंय. मैत्रिणीचं परतीचं तिकीट आणि आदल्या रात्रीचा मुक्काम मी तपासलाय, तरी तुम्हीही एकदा विचारा.

तुमची,
समोरच्या खाटेवरची नाशिककर