चॅनलला त्याचं मॉडेल जुळवायला शिकवणाऱ्या ताईंना

जळगाव

ताई,

सप्रेम नमस्कार. पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या संग्रहातला डेटा इथे बसून सेल्फ-कॅलिब्रेट करणाऱ्या (म्हणजे त्याच डेटातून काढलेल्या आकाशाच्या मॉडेलवरून त्यातल्या चुका दुरुस्त करणाऱ्या) आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. पत्र उघडच लिहितोय, म्हणजे धुळे-नंदुरबारकडे कुणी याच जागी अडलं असेल तर त्यालाही उपयोग होईल.

मॉडेल चॅनलला (फ्रिक्वेन्सीच्या बारीक पट्टीला) लावताना चॅनलचा नंबर नाही, फ्रिक्वेन्सी जुळवायची, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. बँड ३ चा डेटा ३०० ते ५०० मेगाहर्ट्‌झ, चॅनल २०४८. डब्ल्यूएसक्लीनला (प्रतिमा बनवणाऱ्या प्रोग्रामला) चॅनल्स-आउट ८ दिलं की २५६ चॅनलचा एक असे आठ गट पडतात, प्रत्येक गट २५ मेगाहर्ट्‌झचा आणि प्रत्येकाचं मॉडेल वेगळं. ०००० हे मॉडेल सर्वांत खालच्या फ्रिक्वेन्सीचं. डेटातलं शून्यावं चॅनल मात्र कधीकधी ५०० च्या टोकाला असतं. स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये नंबराला नंबर लावला की सगळं उलटं बसतं. स्पेक्ट्रल इंडेक्स (फ्रिक्वेन्सीबरोबर तेज बदलण्याचा उतार) उणे ०.७ असलेला स्रोत ५०० पेक्षा ३०० ला १.४३ पट तेजस्वी असतो, आणि ही तफावत मुकाट्याने बँडपासमध्ये (चॅनलगणिक उपकरणाच्या प्रतिसादाच्या दुरुस्तीत) जाऊन बसते. त्यामुळे आता मॉडेलच्या फिट्स प्रतिमेच्या हेडरमधली फ्रिक्वेन्सी (सीआरव्हॅल३) आणि मेजरमेंट सेटमधली, म्हणजे डेटाच्या संचातली, चॅनलची फ्रिक्वेन्सी (चॅन-फ्रेक) समोरासमोर ठेवल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही.

प्लॉटएमएसमध्ये (कासा या डेटा-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमधल्या आलेखाच्या साधनात) मॉडेल कॉलम फ्रिक्वेन्सीसमोर काढून तुम्ही दाखवलेला जिना तर विसरणं शक्य नाही. गटाच्या आत मॉडेल सपाट, गट बदलला की पायरी. तोच उणे ०.७ चा खरा स्रोत ३०० ते ३२५ मध्येच जवळपास ५.५ टक्के उतरतो. सगळ्या बँडला मिळून एकच गेन (दुरुस्तीचा गुणक) सोडवला तर हे सरासरीत निघून जातं. चॅनलगणिक बँडपास सोडवला तर २५ मेगाहर्ट्‌झच्या अंतराने करवतीचे दाते उमटतात, आणि आम्ही ते रिसीव्हरचे समजत होतो! उपाय दोन: गट वाढवा, किंवा बँडपास मूळ कॅलिब्रेटरचाच ठेवा. आमच्या मते दुसरा बरा.

मॉडेल नेहमी 'दिसतं तसं' हवं, प्रायमरी बीमची (डिशची संवेदनशीलता कडेला कमी होते त्याची) दुरुस्ती केलेलं नको, हेही तुमचंच. ४५ मीटरच्या डिशच्या बीमची रुंदी ५०० ला ३०० च्या ०.६ पट उरते, म्हणून कडेचा स्रोत मुळात असतो त्याहून तीव्र उताराचा दिसतो. कॅटलॉगमधला इंडेक्स तिथे जशाच्या तसा लावला की घोटाळा.

बाकीचे खड्डे पटकन सांगतो. डब्ल्यूएसक्लीनला नो-अपडेट-मॉडेल-रिक्वायर्ड दिलं तर मॉडेल कॉलम जुनाच राहतो. (मे महिन्यात लॅपटॉप तापला की वेळ वाचवायला हात नेमका त्याच पर्यायाकडे जातो.) एमगेन (एका मोठ्या फेरीत किती साफ करायचं ते) १ पेक्षा कमी हवा. चॅनल-रेंजबाहेरच्या चॅनलांत नवं मॉडेल लिहिलं जात नाही. कासाच्या टीक्लीनमध्ये (प्रतिमा बनवण्याच्या टास्कमध्ये) सेव्हमॉडेल मुळात 'नन' असतं, म्हणजे मॉडेल जपलं जात नाही. मॉडेल सापडलं नाही तर गेनकॅल (गेन सोडवणारा टास्क) मधोमध १ जान्स्कीचा (रेडिओ तेजाचं एकक) बिंदू आहे असं धरून चालतो आणि कुरकुरही करत नाही. मेजरमेंट सेटच्या हेडरमध्ये जुनं व्हर्च्युअल मॉडेल (कॉलममध्ये न लिहिलेलं) उरलं असेल तर कॉलम असूनही तेच वापरलं जातं, म्हणून आधी डेलमॉडने ते पुसायचं. एनटर्म्स २ असेल (मॉडेलमध्ये तेजाबरोबर उतारही असेल) तर एफटीला (मॉडेल भरणाऱ्या टास्कला) टीटी० आणि टीटी१ या दोन्ही प्रतिमा द्यायच्या.

पुढचा डेटा बँड ४ चा, ५५० ते ८५०. जिन्याचा प्लॉट काढून आधी तुम्हालाच पाठवतो.

आपले,
जळगावचे विद्यार्थी