अक्षर सुधार म्हणता, पण शिकवता कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "हुशार आहे हो, पण अक्षराकडे जरा लक्ष द्या." आईबाबा घरी येऊन मुलाला तेच वाक्य चढ्या आवाजात ऐकवतात, मूल दुसऱ्या दिवशी शाळेत जातं तर तिथे वहीत परत लाल पेनाने 'अक्षर सुधारा' असा शेरा, आणि या सगळ्यात अक्षर सुधारायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे त्या पोराला कोणीच सांगत नाही. मी बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं, आता निवृत्त आहे, आणि मला मनापासून वाटतं की अक्षरावरून आपण मुलांना ओरडतो खूप आणि शिकवतो फार कमी. नाचाच्या क्लासमध्ये 'नीट नाच' एवढंच सांगून कोणी थांबत नाही, पाय कुठे, हात कुठे ते दाखवतात. लिहिणं हेसुद्धा हाताचंच काम आहे ना?

म्हणून वही बघायच्या आधी मूल लिहिताना त्याचा हात बघा. कितीतरी मुलं पेन्सिल मुठीत आवळून धरतात, अंगठा पहिल्या बोटावरून गुंडाळलेला, बोटाचं टोक दाबून पांढरं पडलेलं, आणि जोर इतका की पान उलटलं तर मागच्या बाजूला अक्षरं हाताला लागतात. अशा हाताने पहिल्या दोन ओळी बऱ्या येतात, पाचव्या ओळीपर्यंत हात दुखायला लागतो आणि मग आपण म्हणतो की शेवटी शेवटी कंटाळा केला. तो कंटाळा नसतो हो, हात खरंच दमलेला असतो! पेन्सिल अंगठा आणि पहिल्या बोटाने धरायची, खालून मधल्या बोटाचा आधार, टोकापासून साधारण २ ते अडीच सेंटीमीटर वर. लहान मुलांना खडूचा किंवा पेन्सिलचा छोटा तुकडा द्या, मूठ आवळायला जागाच उरत नाही, बोटं आपोआप बरोबर बसतात. आणि खुर्चीवर बसवत असाल तर पाय जमिनीला टेकू देत, लटकते नकोत.

दुसरी गोष्ट म्हणजे अक्षर कुठून सुरू करायचं. तयार झालेला 'ग' बघून काही कळत नाही, एखादं मूल आधी खालून वर दंड काढतं, मग त्याला डावीकडे गाठ चिकटवतं, आणि सावकाश लिहिलं तर दिसतं छानच! पण चौथी-पाचवीत भराभर लिहायची वेळ आली की हाताला उलटसुलट उड्या माराव्या लागतात आणि अक्षर मोडतं. मग लोक विचारतात की लहानपणी चांगलं होतं, आता काय झालं. गिरवायला देताना डावीकडून उजवीकडे, वरून खाली ही दिशा आपण समोर बसून दाखवली तर हे पुष्कळसं टळतं. आपल्या लिपीत तर शिरोरेघेलाही अर्थ आहे, ती कुठे तोडायची हे कळलं नाही तर 'ध' चा 'घ' होतो, 'भ' चा 'म' होतो, आणि 'ख' चे दोन भाग लांब गेले की 'रव' वाचला जातो. काही मुलं आधी ओळभर शिरोरेघ ओढून ठेवतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात, मग कुठला शब्द कुठे संपला तेच कळत नाही. एक शब्द, त्यावर एक रेघ, मग एका बोटाची जागा, एवढं पाळलं तरी पान वाचता येतं.

डावखुऱ्या मुलांचे हात अजूनही बदलायला लावतात ते बघून वाईट वाटतं. त्यांची वही उजवीकडे तिरकी ठेवा आणि हात ओळीच्या खाली राहील असं बघा, बाकी काही करायची गरज नसते.

आता टायपिंगच्या जमान्यात हे कशाला असं विचारणारे भेटतात. फिनलंडने २०१६ पासून इंग्रजी कर्सिव्हसारखं अक्षरं जोडून लिहिण्याची सक्ती काढली हे खरं, पण हाताने सुटी अक्षरं लिहायला तिथेही शिकवतातच, आणि कॅलिफोर्नियाने तर २०२३ मध्ये कायदा करून जोडून लिहिणं परत शाळेत आणलं. २०१२ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांच्या, अजून वाचता न येणाऱ्या मुलांवर एक अभ्यास झाला होता, त्यात अक्षर स्वतःच्या हाताने काढल्यावर मेंदूचे वाचनाशी संबंधित भाग जसे जागे झाले तसे टाइप करून झाले नाहीत. म्हणजे हा फक्त सुंदर दिसण्याचा प्रश्न नाहीये, मूल अक्षर ओळखायला शिकतं त्यात हाताचा वाटा आहे. गांधीजींनीही आत्मकथेत लिहिलंय की मुलांना अक्षरांच्या आधी चित्रं काढायला शिकवावं, आणि मला ते शंभर टक्के पटतं, कारण ज्या मुलांनी भरपूर रेघा, गोल, लाटा काढलेल्या असतात त्यांना वेलांटी नि उकार जड जात नाहीत.

शाळांना माझी विनंती आहे, शिक्षा म्हणून पानंच्या पानं लिहायला लावू नका. दमलेल्या हाताने पन्नास वेळा लिहिलं तर चुकीचं वळणच पक्कं होतं, आणि लिहिण्याचा राग येतो तो वेगळाच. एवढं शिकवूनही ज्याला जमतच नाही, तोंडी उत्तर फाडफाड देतो पण लिहिताना अडतो, त्या मुलाला डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यापुरतीच येणारी शिकण्यातली अडचण, असू शकतो. त्याला आळशी न म्हणता तपासून घ्या आणि तोपर्यंत अक्षराचे मार्क कापू नका.

रोज दहा मिनिटं पुरतात. तीन-चार ओळी लिहून झाल्या की मुलालाच विचारा, यातलं तुला सगळ्यात छान वाटलेलं अक्षर कुठलं, त्याला गोल कर, आणि पुढची ओळ त्याच्याकडे बघून लिही.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका