वीजवाहिनीपासून दूर असलेल्या घरांच्या विजेविषयी ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय ऊर्जामंत्री

विषय : वीजवाहिन्यांपासून दूर असलेल्या ग्रामीण घरांना स्वतंत्र सौर संच देताना आराखडा, बॅटरी आणि देखभाल यांचे निकष बदलण्याबाबत.

माननीय महोदय,

मुख्य वस्तीपासून दूर, डोंगरात किंवा रानात एकट्या उभ्या असलेल्या घरापर्यंत खांब आणि तारा नेणे अनेकदा परवडत नाही, आणि नेल्या तरी त्या एका घरासाठी बसवलेला ट्रान्सफॉर्मर घरात एकही दिवा लागलेला नसताना चोवीस तास थोडी वीज खातच राहतो. अशा घराला छतावरचे पॅनेल, चार्ज कंट्रोलर (बॅटरीत जाणारी वीज नियंत्रित करणारे उपकरण) आणि बॅटरी यांचा स्वतंत्र संच देणे योग्यच आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. माझे म्हणणे तो संच ज्या पद्धतीने ठरवला, बसवला आणि नंतर विसरला जातो, त्या पद्धतीबद्दल आहे. असे संच बसवण्याचे, आणि त्याहून जास्त करून बंद पडलेले संच तपासण्याचे काम मी करतो. त्या अनुभवावरून आपल्याला आग्रहाने एकच विनंती करायची आहे : किती वॅटचे किती संच बसले यावर बिले चुकती करण्याऐवजी, वर्षातल्या सर्वांत कमी उन्हाच्या महिन्यात घराला रोज किती वीज मिळते आणि ती किती वर्षे मिळत राहते, यावर ही योजना उभी करावी.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, म्हणून एका साध्या घराचा हिशेब मांडतो. ९ वॅटचे चार एलईडी दिवे रोज पाच तास लागले तर १८० वॅट-तास होतात. २८ वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा दहा तास फिरला तर २८०, दोन मोबाइलच्या चार्जिंगला साधारण ३० आणि ४० वॅटचा टीव्ही तीन तास चालला तर १२०. एकूण ६१० वॅट-तास, म्हणजे एका युनिटपेक्षाही (हजार वॅट-तासांपेक्षाही) बरीच कमी वीज. बॅटरीत भरताना आणि काढताना, तारांमध्ये आणि कंट्रोलरमध्ये जी वीज वाया जाते ती धरली, तर पॅनेलने रोज ८७० वॅट-तासांच्या आसपास वीज तयार करायला हवी. पूर्ण क्षमतेच्या उन्हाचे तास (दिवसभराचे कमी-जास्त ऊन भर दुपारच्या उन्हात मोजले तर होतील तेवढे तास) दिवसाला सरासरी साडेपाच धरले, तर १६० वॅटचे पॅनेल पुरेसे दिसते, आणि निविदेत नेमके हेच लिहिले जाते. पण ढगाळ महिन्यात हे तास तीनवर आले, की त्याच घराला २९० वॅटचे पॅनेल लागते. वार्षिक सरासरीवर बेतलेला संच वर्षातले बरेच महिने उत्तम चालतो आणि ज्या महिन्यांत आभाळ भरलेले आणि रस्ते बंद असतात, नेमक्या त्याच महिन्यांत घर अंधारात ठेवतो. त्यातच पॅनेलवर छापलेले वॅट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. कडक उन्हात पॅनेलमधील सेल ६० अंशांपर्यंत तापतात, तेव्हा क्षमतेतला आठवा-सातवा हिस्सा उष्णतेतच जातो, आणि धूळ किंवा झाडाची सावली असेल तर घट आणखी वाढते.

पॅनेलबद्दलची ही चूक निदान दुरुस्त करता येते, कारण आणखी एक पॅनेल जोडले की भागते. कमी पडलेल्या विजेने बॅटरीचे जे होते ते मात्र परत सुधारत नाही, आणि माझ्या मते या योजनांचे खरे दुखणे तिथेच आहे. एका घरात बंद पडलेला संच पाहायला गेलो असता बॅटरी कोपऱ्यात, जड सामानाच्या मागे, हवा न लागणाऱ्या जागी ठेवलेली आढळली. झाकणे उघडली तर सहाही कप्प्यांतले पाणी प्लेटांच्या खाली गेलेले होते आणि उघड्या पडलेल्या प्लेटांवर पांढरा थर धरला होता. डिस्टिल्ड वॉटर घालून, चार्ज करून हायड्रोमीटरने आतल्या आम्लाची घनता मोजली, तेव्हा ती १.२५ च्या आसपास असायला हवी होती, ती १.१२ वर अडकलेली होती. पॅनेल ठणठणीत होते, तारा ठीक होत्या, दिवेही चांगले होते. या बॅटरीत ठरावीक काळाने पाणी घालायचे असते, हे घरातल्या कोणालाही कोणी सांगितलेले नव्हते, आणि संच बसल्यानंतर पुन्हा कोणी फिरकले नव्हते. सरकारदरबारी मात्र ते घर आजही वीज मिळालेले घर म्हणूनच नोंदलेले असणार.

शिसे आणि आम्लाच्या बॅटरीचा स्वभावच असा आहे, की ती अर्धवट चार्ज अवस्थेत दिवसेंदिवस पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि तिची साठवण कायमची घटते. म्हणजे ढगाळ महिन्यासाठी अपुरे पडणारे पॅनेल फक्त त्या महिन्यापुरते नडत नाही, ते बॅटरीचे आयुष्यही खाते. उष्णतेचेही तसेच. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना या बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा या व्यवसायातला जुना ठोकताळा आहे, आणि पत्र्याच्या छपराखालच्या बंद खोलीत दुपारी किती तापते हे वेगळे सांगायला नको. शिवाय दीर्घ काळ टिकायची असेल तर ही बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरू देता कामा नये. त्यामुळे वरच्या घराला दोन दिवस ऊन पडले नाही तरी दिवे लागावेत असे वाटत असेल, तर १२ व्होल्टची २०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी हवी. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी रोज ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येते, तिला पाणी लागत नाही, अर्धवट चार्जचा तिला त्रास नाही आणि तिच्या चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या हजारांत मोजतात, म्हणून तिथे १२० ॲम्पिअर-तासांत काम भागते. तिचे दोन पथ्य आहेत : शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही आणि चांगल्या संरक्षक सर्किटशिवाय, म्हणजे बीएमएसशिवाय, ती वापरायची नाही. सुरुवातीचा खर्च जास्त म्हणून निविदांमध्ये ती मागे पडते. जिथे तंत्रज्ञ पोहोचायला वेळ लागतो, अशा ठिकाणी मला तीच योग्य वाटते. पण आपल्या खात्याने कुठलीही बॅटरी निवडली, तरी ती कधी ना कधी बदलावी लागणार आहे आणि त्या बदलीचा खर्च पहिल्या दिवसाच्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे. हा खर्च कधीतरी पुढच्या योजनेत बघू असे म्हणणे, म्हणजे संच किती वर्षांनी मोडीत निघणार ते आजच ठरवणे होय.

आता उपकरणांच्या निवडीविषयी, कारण इथे पैसा वाचवल्यासारखा दिसतो आणि प्रत्यक्षात दुप्पट जातो. मोठ्या छतांसाठी बनणारे साठ सेलचे, सुमारे ३०० वॅटचे पॅनेल स्वस्त आणि सहज मिळते. ते ३१ व्होल्टच्या आसपास काम करते. त्याला साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावून १२ व्होल्टची बॅटरी जोडली, की तो कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढतो. साडेनऊ ॲम्पिअर गुणिले १३ व्होल्ट, म्हणजे ३०० वॅटच्या पॅनेलमधून जेमतेम सव्वाशे वॅट बॅटरीत पोहोचतात. तपासणीस आलेला अधिकारी पॅनेलच्या मागची चिठ्ठी वाचतो, ३०० वॅट लिहिलेले पाहतो आणि सही करतो. तिथे एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनेलला त्याच्या योग्य व्होल्टेजवर चालवून ती वीज बॅटरीच्या व्होल्टेजला उतरवणारा कंट्रोलर असता, तर त्याच उन्हात घराला दुपटीहून अधिक वीज मिळाली असती. क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजायचे उपकरण) लावून बॅटरीत जाणारा प्रवाह मोजायला पाच मिनिटे लागतात, आणि ही पाच मिनिटे तपासणीच्या नमुन्यात सक्तीची करावीत अशी माझी मागणी आहे.

इन्व्हर्टरचेही असेच. घरात काहीही चालू नसताना नुसता सुरू राहिलेला लहान इन्व्हर्टर १० वॅट खातो, अनेक त्याहून जास्त खातात. चोवीस तासांत ते २४० वॅट-तास झाले, म्हणजे जवळजवळ त्या पंख्याइतके. म्हणून दिवे, पंखा आणि मोबाइल थेट डीसीवर, म्हणजे बॅटरीतून मिळते त्या एकदिश विजेवर, चालवावेत आणि इन्व्हर्टर फक्त ज्या उपकरणाला एसीच लागते त्याच्यासाठी, तेवढ्याच वेळेपुरता चालू करावा. तारांची जाडी हा तर कोणी लक्षच न देणारा विषय आहे. १२ व्होल्टवर १० ॲम्पिअरचा प्रवाह अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून दहा मीटर दूर न्यायचा झाला, तर जाऊन-येऊन वीस मीटर तारेत सुमारे १.४ व्होल्ट गळतात, म्हणजे अकरा टक्क्यांहून अधिक वीज तारा गरम करण्यात जाते. तेवढेच वॅट २४ व्होल्टवर नेले की प्रवाह निम्मा होतो आणि गळती तीन टक्क्यांखाली येते. घर जरा पसरलेले असेल तर २४ व्होल्टचाच आराखडा असावा, एवढे एक वाक्य तांत्रिक अटींत घातले तरी पुष्कळ फरक पडेल.

सुरक्षेबद्दल थोडक्यात लिहितो, पण तिचे महत्त्व थोडके नाही. बॅटरीच्या दोन टोकांना पान्हा आडवा पडला तरी हजारो ॲम्पिअरचा प्रवाह वाहू शकतो, म्हणून बॅटरीला लागूनच योग्य क्षमतेचा फ्यूज हवा. एसीसाठीचे एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारे स्विच) डीसीवर वापरणे धोक्याचे आहे, कारण डीसीची ठिणगी सहज विझत नाही. पॅनेलच्या सांगाड्याला अर्थिंग आणि विजा पडणाऱ्या भागात सर्ज संरक्षण (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून बचाव), यांवर कोणतीही सवलत देऊ नये.

महोदय, घराला वीज मिळाली असे कधी म्हणायचे, याचे मोजमाप नव्याने शोधायची गरज नाही. जागतिक बँकेने २०१५ मध्ये घरगुती विजेची पाच स्तरांची मोजणी मांडली. तिच्या पहिल्या स्तरात दिवसाला किमान १२ वॅट-तास, दुसऱ्यात २०० वॅट-तास आणि तिसऱ्यात एक युनिट वीज मिळावी लागते, आणि नुसत्या आकड्यांखेरीज ती किती तास मिळते, संध्याकाळी मिळते का, भरवशाची आहे का, सुरक्षित आहे का हेही पाहिले जाते. एक दिवा आणि मोबाइल चार्जिंग देणारा संच पहिल्या स्तराचा आहे. तो देण्यात काहीच कमीपणा नाही, रॉकेलच्या धुरातून सुटलेल्या घरासाठी तो फार मोठा दिलासा असतो. परंतु पहिल्या स्तराचे घर आणि पंखा-टीव्ही चालवणारे घर एकाच रकान्यात घालून एकूण आकडा जाहीर करणे लोकांवर अन्याय करणारे आहे, कारण त्या रकान्यात एकदा नाव गेले की पुढच्या योजनांत ते घर मागे पडण्याची भीती असते. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सातव्या शाश्वत विकास ध्येयात सर्वांसाठी परवडणाऱ्या आणि भरवशाच्या ऊर्जेची भाषा आहे, आणि भरवसा हा शब्द मोजमापात आणल्याशिवाय तो पाळता येणार नाही.

म्हणून कंत्राटाची रचनाच बदलावी. ठेकेदाराला संच बसवल्यावर पूर्ण रक्कम न देता तिचा मोठा हिस्सा पुढील किमान पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने द्यावा, आणि प्रत्येक हप्ता संच चालू असल्याच्या नोंदीवर अवलंबून ठेवावा. आजचे अनेक कंट्रोलर रोजची वीजनिर्मिती आणि बॅटरीचे व्होल्टेज स्वतःच नोंदवून ठेवतात, त्यामुळे यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही. प्रत्येक वस्तीसमूहामागे स्थानिक तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे मीटर, फ्यूज, सुटे कंट्रोलर आणि पंख्याचे सुटे भाग कायम ठेवावेत, आणि त्यांचे मानधन ठेकेदाराच्या मर्जीवर न ठेवता खात्याने थेट द्यावे. एखाद्या कंपनीचा खास प्लग किंवा कुलूपबंद बॅटरी, जी फक्त त्याच कंपनीच्या चार्जरला जुळते, अशा वस्तू खरेदीतून वगळाव्यात, कारण ती कंपनी उद्या व्यवसायातून बाहेर पडली तर तिच्यासोबत संचही संपतो. घरातल्या मंडळींना, विशेषतः दिवसभर घर सांभाळणाऱ्या बाईंना, कंट्रोलरवरचे दिवे वाचायला शिकवावे. इस्त्री किंवा पाणी तापवायचा हीटर या संचावर का चालणार नाही, हेही स्पष्ट सांगावे : हजार वॅटचा हीटर एका तासात जेवढी वीज खातो, तेवढी वरच्या घराची दीड दिवसाहून अधिक काळाची गरज असते. हे आधी सांगितले नाही, तर लोक आपली फसवणूक झाली असे समजतात आणि त्यांचा राग रास्तच असतो.

जुन्या बॅटऱ्यांचेही खात्याने आपल्याच अंगावर घ्यावे. शिशाच्या बॅटरीतले जवळजवळ सगळे शिसे परत वापरता येते, पण तेच उघड्यावर वितळवले तर धूर आणि माती दोन्ही विषारी होतात, आणि मुलांच्या रक्तातील शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नवी बॅटरी देताना जुनी मोजून परत घेणे आणि मान्यताप्राप्त कारखान्यातच पाठवणे, ही अट हप्त्याच्या पैशाशी जोडावी.

शेवटची विनंती येऊ घातलेल्या निविदांबाबत आहे. पुढची निविदा निघण्याआधी आजवर बसवलेल्या संचांतून यादृच्छिक पद्धतीने काही घरे निवडून, वर्षातल्या सर्वांत ढगाळ महिन्यात, खात्याबाहेरच्या तंत्रज्ञांकडून त्यांची तपासणी करून घ्यावी, बॅटरीची साठवण प्रत्यक्ष भार लावून मोजावी आणि आलेले आकडे, चांगले असोत वा वाईट, घरांची ओळख उघड न करता लोकांसमोर ठेवावेत. नव्या अटी त्या आकड्यांवरून लिहाव्यात.

कळावे,

आपला विश्वासू,
ग्रामीण घरांत सौर संच बसवणारा आणि दुरुस्त करणारा एक तंत्रज्ञ