पायवाट सोडण्याचा सल्ला नको

संपादक महोदय,

इंदूरजवळच्या पातालपाणी धबधबा व जानापाव डोंगर येथील पावसाळी सहलींविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. त्यातील पायवाट सोडून रानात हिंडण्याचा सल्ला मात्र खटकला. याच दिवसांत हबेनारियासारख्या जमिनीवर वाढणाऱ्या आमरी (ऑर्किड) कंदातून वर येतात. आमरीचे बी धुळीइतके बारीक असून त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो, त्यामुळे मातीतील अनुकूल बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. ओल्या मातीवर वारंवार पाय पडले की ती दबते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या मिटतात आणि बुरशीचे जाळेही विस्कटते. फूल तुडवले गेले तरी कंद शाबूत असल्यास पुढच्या पावसात ते पुन्हा येऊ शकते, परंतु दबलेल्या मातीत नवे रोप धरणे कठीण. छायाचित्रासाठी फुलाभोवती गुडघे टेकणारे आम्ही हौशीही यात आलोच. पुढील अंकात याबाबत खुलासा छापावा, ही विनंती.

— एक वाचक, इंदूर