सोयाबीन कधी विकायचं

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, क्विंटलला सहा हजार झाल्याशिवाय सोयाबीनचा एक कट्टाही काढू नका." काल दहा कट्टे कारंज्याच्या बाजार समितीत विकून आलो. रागावू नकोस.

मळणीच्या दिवशी दाणा दाताखाली दबत होता, कटकन फुटत नव्हता, म्हणजे अजून ओला होता. यंदा, 2025-26 ला, हमीभाव क्विंटलला 5,328 आहे, पण सरकारी खरेदी केंद्रावर 12 टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. म्हणून आईनं आणि मी आठ दिवस ताडपत्रीवर वाळवलं, दुपारी दोनदा पाय फिरवत. एक हिशेब लक्षात ठेव: 18 टक्के ओलाव्याचं क्विंटलभर सोयाबीन 12 टक्क्यांवर आलं की 93 किलोच भरतं. ओल्याला चार हजार मिळत असतील, तर वाळल्यावर 4,300 मिळाले तेव्हा कुठे बरोबरी. थांबायचं म्हणणारे हे वजन धरतच नाहीत.

तुझा सहा हजारांचा आकडा मी ओळखतो, तो माझाच होता. ऑगस्ट 2021 मध्ये भाव दहा हजारांवर गेला तेव्हा घरात कट्टा नव्हता. ती चुटपुट मनात ठेवून 2022 चा माल पेरणीच्या तोंडापर्यंत धरला आणि दिवाळीपेक्षा कमी भावात दिला. त्या वर्षी तुझ्या फीसाठी आईची पोत गहाण पडली, हे तुला सांगितलं नव्हतं.

सोयाबीनमध्ये तेल 18-20 टक्केच, बाकी सगळी ढेप, म्हणजे पेंड. ढेपेला गिऱ्हाईक नसेल तर नुसत्या तेलानं भाव उचलत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढलं, आपण आशेवर बसलो, पण बाजार त्या हंगामाच्या 4,892 च्या हमीभावाखालीच राहिला.

दहा कट्ट्यांत कृषी केंद्राची उधारी आणि थ्रेशरवाल्याचे पैसे भागले. हमीभाव केंद्रावर नोंदणी केली आहे, पण माल आणा असा मेसेज येईपर्यंत उधारी थांबत नाही. दहा क्विंटल समितीच्या गोदामात तारण ठेवतो: किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, 6 टक्के व्याज, सहा महिने मुदत. त्यात हरभऱ्याची पेरणी आणि तुझी फी निघेल. हा माल कधी काढायचा ते तू सांग, मी ऐकेन.

दोन क्विंटल बियाणं वेगळं काढलं आहे. त्या कट्ट्यांवर आईनं चुन्याची फुली मारली आहे, भाव कितीही चढला तरी ते विकायचे नाहीत. तूर फुलावर आहे. संक्रांतीला आलास की तिचं दोघं बसून ठरवू.

तुझा,
बाबा