दिंडीतल्या आक्कांना

आक्का, रामकृष्ण हरी.

आषाढी झाली, दर्शन झालं, आणि पाय धडधाकट घेऊन मी घरी आले, ते तुमच्यामुळे. नातवाकडून हे पत्र वाचून घ्या. पहिल्यांदाच वारीला निघणाऱ्या बायकांनाही उपयोग व्हावा म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. निघायच्या महिनाभर आधीपासून तुम्ही फोनवर पायताणाचीच चौकशी करत होतात. बूट रोज घालून पायात बसलेत का? दुपारी पाय सुजतात, तेव्हा पुढे बोटभर जागा राहते का? पावसात भिजलेल्या बुटात कातडी मऊ पडते आणि फोड येतो, म्हणून सोबत पट्ट्यांच्या सँडलही घ्यायला लावल्यात. पाऊस लागला की मी त्याच घालायचे.

सामान तर तुम्ही आळंदीतच पुन्हा भरायला लावलंत. अंथरूण-पांघरूण, कपडे, ताट-वाटी ट्रकमध्ये. खांद्यावर पाणी, मेणकापड, मोज्यांचा एक जादा जोड, खोबरेल आणि गूळ-शेंगदाणे. ट्रकमध्ये सगळ्यांच्याच बॅगा काळ्या, म्हणून माझ्या बॅगेच्या कडीला तुम्ही जुन्या लुगड्याचा लाल काठ बांधलात. संध्याकाळी ट्रकपाशी झुंबड उडायची, पण माझी बॅग लांबूनच दिसायची.

पुणे-सासवड हा सगळ्यात मोठा टप्पा, वर दिवेघाट. टाळ-मृदंग ऐकून अंगात बळ येतं आणि पावलं आपोआप भरभर पडतात. तुम्ही माझा दंड धरून म्हणालात, "इण्याच्या पुढं जायचं न्हाई." इणा म्हणजे दिंडीतली वीणा. चढाला छोटी पावलं, बोलता येईल एवढाच वेग, आणि विसाव्याला बसलं की आधी बूट-मोजे काढून पाय पडशीवर उंच. मला वाटतं, नवख्या माणसाला वारी पेलते ती या शिस्तीमुळे. घाटात जोर करणारे काहीजण पुढे जेजुरीच्या वाटेवर लंगडताना दिसले.

त्या रात्री, सोपानकाकांच्या सासवडात, तुम्ही बॅटरीच्या उजेडात माझे तळवे बघितलेत. टाचेवर अंगठा दाबून विचारलंत, "हितं चुरचुरतंय?" फोड आला नव्हता, नुसतीच लाली होती. तेवढ्यावरच चिकटपट्टी लावलीत, कडा नीट दाबून. तो फोड शेवटपर्यंत आला नाही. आणि नीरेत पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या सुती फडक्याने कोरड्या केल्याशिवाय तुम्ही मला मोजे घालू दिले नाहीत. सख्ख्या आईनेही याहून जास्त काय केलं असतं?

पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीला आणतेय. तिचीही बॅग तुम्हीच भरा. कार्तिकीला पंढरपुरात येणार असाल तर कळवा, मी येतेच भेटायला.

तुमची,
दिंडीतली लेक